ज्याची किल्ली, त्याचं दार

हिमेजी स्टेशनात इगुची-सानला कोणी प्रेमाने हाक मारल्याचं मी तरी कधी ऐकलेलं नाही. सफाईवाल्या बायका तिला कुलूपबाई म्हणतात, चौकशीच्या खिडकीतले पाठीमागे खडूस म्हणतात, आणि माझा नूडल्सचा ठेला तिच्या लॉकरांच्या अगदी समोर असल्याने मी तोंडावरच दगड म्हणते. ती रागावत नाही. "दगड बरा, लोणी नको," एवढंच म्हणते आणि हातातल्या फडक्याने पुढचा कप्पा पुसायला घेते.

आमच्या गावात कोणी मुक्कामाला राहत नाही. लोक दोन गाड्यांच्या मधल्या वेळात उतरतात, सामान लॉकरमध्ये कोंबतात, सरळ रस्त्याने पांढरा किल्ला गाठतात, फोटो काढतात, माझ्याकडे उभ्याउभ्या एक वाटी नूडल्स ओरपतात आणि पुढची गाडी पकडतात. म्हणजे आमचं सगळं गाव चालतं ते या लॉकरांवर, असं माझं मत आहे. सामान ठेवायला जागा नसती तर कोणी उतरलंच नसतं. ही जागा सांभाळते इगुची तामाए, वय चौसष्ट, नवरा नाही, मूल नाही, सुट्टी घेतलेली माझ्या आठवणीत नाही. रुळांखालच्या बोळात दोन्ही बाजूंना जुन्या पद्धतीचे, किल्लीवाले लॉकर आहेत. नाणी टाका, किल्ली फिरवा, किल्ली घेऊन जा. दर तासाला ती पांढरे हातमोजे घालून प्रत्येक दार तळव्याने दाबून बघते. कमरेला सगळी दारं उघडणारी एक किल्ली असते. ती किल्ली ती वापरत नाही, हीच तर सगळ्यांची तक्रार.

किल्ली हरवलेला माणूस आला की बाकी स्टेशनांत आत काय आहे ते विचारतात, ओळखपत्र बघतात आणि उघडून देतात. इगुची-सान तसं करत नाही. चोवीस तास थांबा, पोलिसांकडे लिहून द्या, मग बघू. लोक चिडतात, रडतात, वर तक्रारी करतात. वरिष्ठांनी तिला तीनदा समज दिली आहे. ती मान तुकवून ऐकते आणि खाली येऊन पहिल्यासारखीच वागते.

याचं कारण मला माहीत आहे, कारण तो दिवस मी पाहिला आहे. अकरा वर्षांपूर्वी एक चांगला शर्ट घातलेला, गोड बोलणारा माणूस आला. बायकोने किल्ली हरवली म्हणाला. आत निळी बॅग आहे, बॅगेत बायकोचं बँकेचं पुस्तक, मुलीचा लाल स्वेटर, औषधाची डबी. इगुची-सानने उघडलं. सगळं जसंच्या तसं होतं, अगदी डबीसुद्धा. त्याने चारदा आभार मानले. संध्याकाळी एक बाई लहान मुलीचा हात धरून आली. तिच्याकडे किल्ली होती. रिकाम्या कप्प्याकडे बघून ती ओरडली नाही, रडली नाही, फक्त विचारलं, "तो इथपर्यंत आला होता?" मग मुलीला उचलून ती जी निघाली, ती कुठे गेली, तिचं पुढे काय झालं, ते आम्हाला कधी कळलं नाही. त्या दिवसापासून इगुची-सानचा एकच कायदा: ज्याची किल्ली, त्याचं दार. आत काय आहे ते सांगता येणं म्हणजे ते आपलं असणं नव्हे. दुधाने तोंड भाजलेलं माणूस ताकही फुंकून पितं. ही तर पाणीसुद्धा पीत नाही.

आता गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट.

पाऊण वाजता तिघं जण माझ्या ठेल्यावर आले. पन्नाशीचा मोतोहारु नागाओ, त्याची बायको मिसुझु आणि त्याची मावशी हात्सुनो, वय एक्याऐंशी, कमरेत वाकलेली पण डोळे लखलखीत. नावं मला नंतर कळली; तेव्हा मी एवढंच पाहिलं, की तिघंही किल्ल्यावरून आलेत, आजीबाईंचे गाल लाल आहेत आणि पुतण्याचा चेहरा उतरलाय. पुतण्या कसला, भाचा.

आजीबाईंनी भाच्याच्या पाठीवरची बॅग स्वतःच्या हाताने उतरवली आणि माझ्या फळीवर, आपल्या शेजारी, नीट भिंतीला टेकवून ठेवली.

"एक रिकामी वाटी देता का?" त्यांनी मला विचारलं.

मी दिली. त्यांनी आपल्या नूडल्समधले दोन धागे आणि चमचाभर सार त्या वाटीत घातलं, वाटी बॅगेसमोर सरकवली, हात जोडले आणि अगदी गप्पा मारल्यासारखं म्हणाल्या, "घे ताई. दमलीस ना? सहा मजले काय कमी झाले? आता क्योतोपर्यंत बसूनच जायचंय."

आमच्याकडे असं दृश्य पाहिलं की कोणी काही विचारत नाही. मला कळलं. ताई गेलेली आहे, तिच्या अस्थी बॅगेत आहेत, आणि क्योतोच्या मठात ठेवायला चाललेत. वाटेत किल्ला. आजीबाईंनी आपणहून सांगितलं. दोघी बहिणी शिमोनोसेकीच्या. लहानपणापासून हा किल्ला बघायचा म्हणत होत्या, एकदा पैसे नव्हते, एकदा नवरे नाही म्हणाले, मग ताईचे गुडघे गेले. "आज दाखवला बघा. खिडकीखिडकीशी थांबून दाखवला. या मोतोहारुच्या पाठीवर बसून बघितला तिने."

मोतोहारुने वाटीत मान घातली. मिसुझुने नवऱ्याकडे न बघता, ओठ न हलवता म्हटलं, "आता तरी सांगा त्यांना."

"गाडीत सांगतो," तो पुटपुटला.

मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण तुम्हाला आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. त्या बॅगेत एक छत्री होती, पाण्याच्या दोन बाटल्या होत्या आणि कोणाचा तरी स्वेटर. ताई बॅगेत नव्हतीच. सकाळी आजीबाई स्वच्छतागृहात गेल्या, तेवढ्यात भाच्याने पांढऱ्या फडक्यात बांधलेली लाकडी पेटी सुटकेसच्या वर ठेवून लॉकरचं दार लावून घेतलं. किल्ल्यातले जिने म्हणजे नुसत्या शिड्या, पायांत मोजे, वर-खाली गर्दी. पाय घसरला आणि पेटीतलं आईच्या अस्थींचं मडकं फुटलं तर, या भीतीने. मावशी परत आली आणि "घेतलीस ना तिला?" म्हणाली, तेव्हा हा माणूस "हो" म्हणून बसला. मग सहा मजले त्या बाईने छत्रीला किल्ला दाखवला.

त्यांची गाडी एक अडतीसची होती. क्योतोच्या मठात शेवटची नोंद तीनला घेणार होते. एक वाजून पाच मिनिटांनी मोतोहारु लॉकरपाशी गेला, सत्तावीस नंबरला किल्ली लावली आणि दार उघडलं.

कप्पा रिकामा होता.

त्याने आत हात घालून मागची भिंत चाचपली. जसं काही सुटकेस अंधारात लपून बसली असेल. मिसुझु धावली. "नंबर चुकला असेल." नंबर चुकला नव्हता, किल्लीवर सत्तावीस, दारावर सत्तावीस.

इगुची-सान पलीकडच्या रांगेतून आली. एकदा कप्प्याकडे, एकदा मोतोहारुच्या हातातल्या किल्लीकडे, आणि मग शेजारच्या सव्वीस नंबरकडे तिने पाहिलं.

"सामान सव्वीसमध्ये ठेवलंत," ती म्हणाली, "आणि पैसे सत्तावीसमध्ये टाकलेत. रिकाम्या कप्प्याला कुलूप लावून गेलात. आठवड्यात एक तरी असा निघतो."

"म्हणजे सव्वीस उघडंच होतं?" मिसुझुचा आवाज चिरकला.

"होतं. आता नाहीये." इगुची-सानने तळव्याने दार दाबलं. ते घट्ट होतं, आणि कुलपात किल्ली नव्हती. "नंतर कोणीतरी पैसे टाकून लावलंय."

"मग उघडा ना," मोतोहारु म्हणाला. "तुमच्याकडे किल्ली आहे."

"कोणी लावलं ते मला माहीत नाही. त्याने तुमचं सामान काढून स्वतःचं ठेवलं असेल. ज्याची किल्ली, त्याचं दार."

मी सार ढवळायचं सोडून फळीवर वाकून ऐकत होते. त्या क्षणी मला त्या बाईचा असा राग आला, की डाव फेकून मारावा. समोरच्या माणसाच्या कपाळावर घाम होता. आजीबाई बॅग पोटाशी धरून दोन पावलांवर उभ्या होत्या आणि अगदी निवांत होत्या. त्यांच्या मते हरवलं असेल तर कपडे हरवलेत.

"जाऊ दे रे कपडे," त्या म्हणाल्या. "ताई आपल्याबरोबर आहे ना? चल, गाडी जाईल."

मोतोहारु भिंतीसारखा पांढरा पडला. मिसुझु इगुची-सानला कोपराला धरून माझ्या ठेल्याच्या आडोशाला घेऊन आली आणि दबक्या आवाजात सगळं सांगून टाकलं. आत सासूबाई आहेत. मावशींना माहीत नाही. कळलं तर त्या इथेच खाली बसतील. "मी पाया पडते तुमच्या. मावशींना मी फलाटावर नेते, तोवर गुपचूप उघडून द्या."

इगुची-सानने पूर्ण ऐकून घेतलं. "मला कळलं," ती म्हणाली. "तरी नाही."

"अगं, अस्थी आहेत आत," मी मध्येच बोलले. "खोटं कशाला बोलेल ती?"

"त्या चांगल्या शर्टवाल्यानेही आतलं सगळं खरंच सांगितलं होतं," इगुची-सान म्हणाली. "डबीचा रंगसुद्धा बरोबर सांगितला होता त्याने."

तिने फोन उचलला. आधी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीला लावला, नाही. मग उत्तरेच्या दारासमोरच्या पोलीस चौकीला. मी घड्याळाकडे बघत होते. एक चौदा. एक पंधरा. पलीकडून कोणीतरी बराच वेळ वही चाळत असावं. मग ती म्हणाली, "सव्वीस? हो. घेऊन या. हो, पळत."

झालं होतं असं, आणि हे आमच्या जपानातच होऊ शकतं. सकाळी कोणा एका भल्या गृहस्थाने पाहिलं, की सव्वीस नंबरमध्ये सामान आहे आणि किल्ली तशीच लटकतेय. त्याने आपल्या खिशातली नाणी टाकून कुलूप लावलं, किल्ली नेऊन चौकीत जमा केली, नाव न सांगता वाकून नमस्कार केला आणि निघून गेला. कप्प्याच्या दारावर एखादी चिठ्ठी लावावी, एवढं त्या पुण्यवान माणसाला सुचलं नाही. आगाऊपणा करून करून किती करावा. दहा मिनिटं थांबला असता तर इगुची-सानची फेरी आलीच असती.

एक एकोणीसला पोलीस धापा टाकत आला. पन्नाशीचा, पोट सुटलेला, काखेत फॉर्मची पाटी. किल्ली त्याच्या मुठीत होती आणि सगळ्यांच्या नजरा त्या मुठीवर.

"हरवलेली वस्तू म्हणून नोंद झालीय," तो म्हणाला. "तेव्हा आत काय काय आहे ते सगळं आधी लिहून द्यायचं. मग मी उघडणार आणि ताडून बघणार. लिहिलेल्यात नसलेलं काही आत निघालं, तर सगळं चौकीत न्यावं लागेल. दोनेक तास जातात."

"एक करडी सुटकेस," मोतोहारु म्हणाला. "मठासाठी मिठाईची पिशवी." आणि थांबला.

"आणखी?"

तो मावशीकडे बघत होता. मावशी त्याच्याकडे बघत होत्या.

"मावशी, चला, आपण पुढे फलाटावर..." मिसुझुने त्यांचा दंड धरला.

"थांब गं. मिळतंय ना सामान, बघू दे."

"आणखी काही आहे का, नागाओ-सान?" पोलिसाने पुन्हा विचारलं. "नीट आठवा. एकही वस्तू सुटायला नको."

एक बावीस. इतका वेळ मला वाटत होतं, की याच्या आईचं काय होणार. आता कळलं, की आई कुठे जात नाहीये. ती दाराच्या आत सुखरूप आहे. अडकलाय तो हा. सांगितलं तर मावशी गेली, नाही सांगितलं तर गाडी गेली, मठ गेला, आणि सांगणं काही टळत नाही.

इगुची-सान पुढे आली. तिने पोलिसाच्या हातातली पाटी घेतली, पेन घेतलं आणि मोतोहारुसमोर धरलं. "बोलायची गरज नाही," ती हळू म्हणाली. "लिहा."

कोणासाठी तिने एवढं केलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. मोतोहारुने लिहिलं. लिहून झाल्यावर पाटी उलटी करून पोलिसाला दिली. मला हायसं वाटलं. आता दार उघडेल, मिसुझु मावशींना पाठमोरं करेल, आणि हे सगळं गाडीत मिटेल.

पण पोलीस तो पोलीसच. पाटी डोळ्यांपासून लांब धरून त्याने नियमाप्रमाणे खणखणीत वाचायला घेतलं. "सुटकेस, करडी, एक. मिठाईची पिशवी, एक. आईच्या..." तो थांबला. त्याने वर पाहिलं. पाटी खाली घेतली.

"वाचा की," हात्सुनोआजी म्हणाल्या.

पोलिसाने टोपी काढली.

आजीबाईंनी बॅग माझ्या फळीवर ठेवली. चेन उघडली. छत्री काढली, मग एक बाटली, मग दुसरी, मग स्वेटर. बॅग उलटी करून झटकली. त्यातून किल्ल्याचं तिकीट खाली पडलं. ते कोणी उचललं नाही.

"वर मी कोणाशी बोलत होते, मोतोहारु?"

तो कमरेतून पूर्ण वाकला आणि तसाच राहिला. "मला भीती वाटली. जिन्यात हात सुटला असता तर..."

"मग तसं म्हणायचं. मी खाली बसले असते तिला मांडीवर घेऊन. खालूनही दिसतो किल्ला. मला कुठे वर जायचं होतं?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मिसुझु रडत होती. मला त्या माणसाची कीवही येत होती आणि दोन थोबाडीत द्याव्यात असंही वाटत होतं.

पोलिसाने किल्ली फिरवली. सुटकेस होती, मिठाई होती, आणि वर पांढरी पेटी, गाठसुद्धा न हललेली. मोतोहारुने हात पुढे केला.

"तू नको," आजीबाई म्हणाल्या. त्यांनी इगुची-सानकडे पाहिलं. "तुम्ही काढा. तुम्ही कोणाला उघडून देत नाही, ते मी ऐकलंय मघाशी."

इगुची-सानने हातमोजे काढून खिशात ठेवले. उघड्या हातांनी पेटी बाहेर काढली आणि छातीशी धरली. तिचे हात इतके खरखरीत आहेत हे मी वीस वर्षांत पहिल्यांदा पाहिलं.

"एक सत्तावीस झालेत," ती म्हणाली. "फलाट उजवीकडे. किल्ला दिसतो ती गच्ची डावीकडे, जिना चढून. दोन्ही होणार नाही."

"मठ तीनला बंद होतो," मिसुझु डोळे पुसत म्हणाली. "पुढची गाडी धरली तर पोचणार नाही आपण."

आजीबाई डावीकडे चालायला लागल्या. इगुची-सान पेटी घेऊन त्यांच्या मागे निघाली, आणि चालता चालता तिने एका हाताने फोन काढून मिसुझुपुढे धरला. "मठाचा नंबर लावा. मी बोलते."

मी गॅस बंद केला आणि मागोमाग गेले. ठेला वाऱ्यावर सोडून. जिन्यावर मला तिचं बोलणं ऐकू येत होतं. "मी हिमेजी स्टेशनातून बोलतेय. लॉकरवरची. एका कुटुंबाला उशीर होणार आहे. चूक आमच्या इथे झाली. नाही, नियम माहीत आहे मला. नियम मोडा असंच सांगतेय." मग, "चार. बरं. चारच्या आत." तिने मोबाईल खिशात टाकला. तिला दगड म्हणायची मला हिंमत झाली नाही.

गच्चीवर ऊन होतं. रस्त्याच्या टोकाला किल्ला, पांढराशुभ्र, हातावर उचलून घ्यावा इतका लहान दिसत होता. हात्सुनोआजी कठड्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता त्या पेटी मागून घेतील आणि सकाळचं सगळं पुन्हा सांगतील. पण त्यांनी भाच्याला पुढे बोलावलं.

"घे तिला."

इगुची-सानने पेटी त्याच्या हातांत दिली. त्याने ती इतकी घट्ट धरली की बोटं पांढरी झाली.

"तू दाखव," आजीबाई म्हणाल्या. "मी माझं सगळं बोलून बसलेय छत्रीशी. माझ्याकडे काही उरलं नाही. तू वर गेला होतास, तूच सांग. काही गाळू नकोस."

मोतोहारुने पेटी कठड्याच्या वर उचलली. म्हणाला, "आई, हा किल्ला." येणारे-जाणारे बाजूने वाट काढत होते. इगुची-सान त्याच्या मागेच उभी होती. "खाली जोडे काढतात," तो म्हणाला. "पिशवीत घालून हातात घ्यायचे. पहिल्या मजल्यावर लाकडी जमीन गार होती. मावशीने तुला खांब दाखवला." मग सांगता सांगता तो दुसऱ्या मजल्यावर चढला. भाले अडकवायच्या खुंट्या सांगितल्या, जिना किती उभा होता ते सांगितलं, आपले पाय कसे लटपटत होते ते सांगितलं, आणि मग, कोणी न विचारता, लॉकरचं दार लावताना आपण तिच्याकडे पाहिलंही नाही, तेही सांगितलं.

तो तिसऱ्या मजल्यावर पोचला तेव्हा आमच्या मागून एक अडतीसची गाडी सुटून गेली. आवाजाने तो थांबला.

"थांबू नकोस," हात्सुनोआजी म्हणाल्या. "अजून तीन राहिलेत."